एका पॅनवर सातजण

"मॅडम, मला यातला एकही रुपया मिळालेला नाही," प्रज्ञा म्हणाली.

माझ्यासमोर स्क्रीनवर तिच्या पॅन नंबरचं वार्षिक विवरण उघडं होतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला पैसे दिले होते. दर वेळी दहा टक्के टीडीएस कापला होता. एकूण आकडा वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. समोर बसलेली मुलगी एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच देऊन आलेली. तिच्या छत्रीचं पाणी माझ्या फरशीवर ओघळत होतं आणि ती ते पायाने पुसायचा प्रयत्न करत होती.

मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर, टॅक्सची कामं करते. आधी देहूरोडला सरकारी अकाउंट्स ऑफिसात होते. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून हा उद्योग सुरू केला. माझ्याकडे चिक्कीवाले येतात, वीकेंडला बंगले भाड्याने देणारे येतात, रिसॉर्टवाले येतात. पैसे खात्यात आले पण मला मिळाले नाहीत, असं सांगणारे तर रोजच येतात. त्यातले बरेचजण थापा मारत असतात आणि थाप मारणारा माणूस माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून बोलतो. ही मुलगी माझ्याकडे बघून बोलत होती. त्यामुळे मला चौकशी करावीशी वाटली. चौकशी करायची मला तशीही फार हौस आहे.

"तुझ्या खात्यात तर आलेत."

"आले ना. त्याच दिवशी पुढे गेले."

"कुणाकडे?"

"ज्याचा महिना असेल त्याच्याकडे."

मी पेन खाली ठेवलं. "हे मला नीट सांग. पहिल्यापासून."

प्रज्ञा मावळातल्या कान्हे गावची. वडील देहूरोडच्या डेपोत पगारदार, घर बौद्ध वस्तीत, आईचं छोटं शिवणकाम. भूगोल विषय घेतलेला आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरवर हात चांगला बसलेला. तिला परदेशातल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. त्याची फी घरातून भरणं शक्यच नव्हतं. सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाहीतर राहायचं, इतकं ते साधं होतं. त्या शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची एक मर्यादा असते. त्यात आईवडिलांचं धरतात आणि स्वतः विद्यार्थी कमावत असेल तर त्याचंही धरतात. पुरावा म्हणून रिटर्नची प्रत लावावी लागते. वडिलांचा पगारच मर्यादेच्या जवळ जाऊन थांबत होता. वर फारशी जागा नव्हती.

रिटर्न भरून घ्यायला ती आधी एका सायबर कॅफेत गेली होती. त्याने मसुदा तयार करून दिला होता, तो तिने मला दाखवला. छोट्या व्यावसायिकांसाठी कायद्यात एक सोय आहे. हिशोब ठेवायचा नसेल तर आलेल्या पैशांपैकी निम्मे हा तुमचा नफा समजायचा आणि त्यावर कर काढायचा. कॅफेवाल्याने तेच केलं होतं. सवलत धरून कर शून्य येत होता आणि कापलेला सगळा टीडीएस परत मिळत होता. त्याचं काम त्याच्यापुरतं ठीक होतं. त्याला शिष्यवृत्तीचं कुणी सांगितलंच नव्हतं. तो निम्मा नफा वडिलांच्या पगारात मिळवला की कुटुंब मर्यादेच्या कितीतरी बाहेर जात होतं.

"काम काय करत होतात?" मी विचारलं.

"सॅटेलाइटचे फोटो यायचे. त्यावर शेतांच्या हद्दी काढायच्या. हे भातखाचर, हा बांध, हे शेततळं, हा ओढा, असं एकेक आखून नाव द्यायचं. मग त्यावरून कंपनीचं सॉफ्टवेअर शिकतं."

"आणि हे काम तुम्हालाच का दिलं?"

"आधी शहरातल्या मुलांना दिलं होतं. त्यांनी पावसात भरलेली खाचरं सगळी तळी म्हणून आखली." ती हसली. "आम्ही सातजण मावळातले. आम्हाला सवय आहे."

कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं नव्हतं. इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम दिलं होतं. म्हणजे पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही, जेवढं काम तेवढं बिल. कॉलेजची मुलं हल्ली अशी कामं खूप करतात. कुणी व्हिडिओ एडिट करतं, कुणी पवनेच्या काठी कॅम्प घेतं. पैसे मिळतात तोवर छान वाटतं आणि जुलैत रिटर्नची तारीख जवळ आली की माझ्या जिन्यावर चपलांची गर्दी होते.

"सातजण होतात तर सात पॅन का नाही दिले?"

"कंपनीने एका नावाचा फॉर्म पाठवला. आम्हाला वाटलं टोळीला एकच मुकादम लागतो. तसंच असेल. मग सगळे म्हणाले, प्रज्ञाचं नाव घाला."

मला हसू आवरलं नाही. भातलावणीला बायकांची टोळी येते तेव्हा मालक पैसे मुकादमाच्या हातात देतो आणि मुकादम पुढे वाटतो. हे मावळात लहान पोरालाही माहीत असतं. मुलांनी संगणकावरच्या कामाला सरळ तीच पद्धत लावली होती. पण इन्कम टॅक्सला मुकादम कळत नाही. त्याला पॅन कळतो. ज्याच्या पॅनवर पैसे आले, त्याने ते कमावले, असं तो धरून चालतो.

"बरं. मग दर महिन्याला सात वाटे करून वाटायचात?"

"नाही मॅडम. सावड होती आमची."

हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या सगळ्यांनी माझं, परवा तिसऱ्याचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाच्या बदल्यात काम. याला सावड म्हणतात. या मुलांनी महिन्यांची सावड केली होती. सप्टेंबरचं काम सातही जणांनी केलं आणि सगळेच्या सगळे पैसे रोहिणीला दिले, कारण तिच्या नर्सिंगच्या फीची तारीख होती. ऑक्टोबर गणेशचा. त्याला लॅपटॉप घ्यायचा होता, इतके दिवस तो मित्राच्या लॅपटॉपवर काम करत होता. पुढचे महिने बाकीच्यांचे. थोडेथोडे पैसे हातात आले तर चहा आणि पेट्रोलमध्ये जातात, एकदम आले तर त्यातून काहीतरी उभं राहतं, असा त्यांचा विचार. मला तो पटला.

"आणि तुझा महिना?"

"मार्च. मुकादमाने शेवटी घ्यायचं ना." ती म्हणाली. "फेब्रुवारीच्या शेवटी प्रोजेक्ट बंद झाला."

म्हणजे सहाजणांचे महिने होऊन गेले आणि सातवीचा महिना आलाच नाही. कागदावर जिच्या नावाने सगळी कमाई, तिच्याच हाती काही नव्हतं. मला या मुलीचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त कुतूहल वाटलं. माझ्या धंद्यात असा हिशोब रोज बघायला मिळत नाही.

मी तिचं बँकेचं स्टेटमेंट मागितलं. कंपनीची रक्कम आली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेवढीच्या तेवढी रक्कम एका नावावर गेलेली होती. सहा वेळा, सहा वेगळी नावं. मी बिलांची बेरीज केली. त्यातून सहाजणांना दिलेले पैसे वजा केले. उरलेला आकडा बघितला आणि शेजारी टीडीएसचा आकडा बघितला. दोन्ही सारखेच होते.

सारखेच असणार. हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. बिलातून दहा टक्के कापून उरलेलं खात्यात यायचं आणि खात्यात आलेलं सगळं पुढे जायचं. मागे राहायचा तो फक्त कापलेला भाग.

"प्रज्ञा, हे कापलेले पैसे कुठे गेले असं वाटतं तुला?"

"टॅक्समध्ये गेले ना. ते सोडूनच दिलेत आम्ही."

"गेले नाहीत. तुझ्या नावावर सरकारकडे जमा आहेत. तुझा कर शून्य असेल तर ते तुला परत मिळतात. तुझी या वर्षाची कमाई म्हणशील तर तेवढीच आहे."

तिने खुर्ची पुढे ओढून स्क्रीनवरचा आकडा वाचला. मग तिने विचारलं, "मग ते सातांचे ना?" मला या मुलीचा राग यावा की कौतुक वाटावं, कळेना.

आता रिटर्न कसा भरायचा ते ठरलं. निम्म्या नफ्याची सोय घ्यायची नाही. मोठा फॉर्म घ्यायचा, त्यात आलेलं सगळं दाखवायचं, सहाजणांना कामाचे दिलेले पैसे खर्च म्हणून दाखवायचे आणि उरेल तो नफा. तो इतका कमी की ऑडिटही लागत नव्हतं. वडिलांच्या पगारात मिळवला तरी कुटुंब मर्यादेच्या आत राहत होतं, अगदी थोडक्यात. पण खर्च दाखवला की उद्या कुणी विचारू शकतं, हे पैसे खरंच कामाचे होते कशावरून? मैत्रिणीला उसने दिले नसतील कशावरून?

मी कंपनीला फोन लावला. वेंडर बघणारा माणूस तरुण होता आणि घाईत होता.

"मॅडम, टीडीएस सात नावांत स्प्लिट नाही होणार. वेंडर कोड एकच आहे."

"कायद्यात तशी तरतूद आहे, बरं का."

"असेल मॅडम. आमच्या सिस्टिममध्ये नाही."

"बरं. काम सात लॉगिनवरून झालं, एवढं तरी लिहून द्याल?"

"ते देतो. लॉग आहे आमच्याकडे. खरं सांगू, फार चांगली टीम होती. क्लायंटनेच बजेट काढलं."

संध्याकाळपर्यंत त्याचा ईमेल आला. आता सहाजणांनी सही करून द्यायचं होतं की अमुक रक्कम मला माझ्या कामाची मिळाली, ती माझी कमाई आहे. सोबत पॅन. आणि मी सुचवलं की प्रत्येकाने आपापलं रिटर्नही भरून टाकावं. उत्पन्न कमी असल्यामुळे सक्ती नव्हती आणि कर शून्यच होता, पण त्याने प्रज्ञाची बाजू पक्की झाली असती. पाचजण आले, सह्या करून गेले. रोहिणी तर हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून तशीच आली. गणेश आला नाही.

"त्याचे वडील नको म्हणतात," प्रज्ञा म्हणाली. "गणेश मोठा आहे, सही करेल तो. पण घरात वाद घालून नको, असं मला वाटतं."

"आणि त्याची नाही झाली तर?" मी विचारलं.

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. गणेशचा महिना खर्चात धरता आला नाही तर तो तिच्या उत्पन्नात येणार. तेवढ्यानेही मर्यादा ओलांडली जात होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत जवळ आली होती.

मी सहसा क्लायंटच्या घरी जात नाही. एकदा गेलं की सगळं गाव बोलावतं. पण रविवारी मी रिक्षा करून गणेशच्या गावी, उर्शाला गेले, प्रज्ञाला न सांगता. टोलनाक्याच्या पलीकडे गणेशच्या घरची भाताची खाचरं. लावणी चालू होती. गणेश चिखलात गुडघाभर उभा, मला बघून ओशाळला. त्याचे वडील, सगळे त्यांना नानाभाऊ म्हणतात, बांधावर आले. पाय धुतले नाहीत, तसेच उभे राहिले.

"बोला मॅडम. कागदाचं आसंल तर मी न्हाई म्हनून सांगितलंय."

"भाऊ, तुमची हरकत काय आहे ते ऐकायला आलेय."

"हरकत काय. पोराच्या नावानं इन्कम टॅक्साची फाईल झाली की आमचं शेतकऱ्याचं सरकारी पैसं बंद व्हत्यात. शेजारच्याचं झालं तसं. ह्यानं लॅपटॉप घेतला तेवढा पुरे झाला."

"शेजारच्यांचा मुलगा कंपनीत आहे का?"

"व्हय. मोठ्या पगारावर. जमीनबी त्याच्याच नावावर हाय."

"तो कर भरतो, म्हणून बंद झाले. गणेशला कर नाही. रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. रिटर्न म्हणजे नुसतं सांगणं, की मला एवढे मिळाले आणि माझ्याकडून काही येणं नाही."

"हे तुमी लिहून देताल?"

"देते. माझ्या शिक्क्यानिशी."

नानाभाऊंनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. त्यांनी खाचरात वाकलेल्या लोकांकडे बघितलं. सगळे भावकीतले होते, सावडीला आलेले.

"पर मला ह्येच कळंना," ते म्हणाले, "त्या पोरीच्या नावाचं पैसं ह्याला कशापायी आलं? ही भानगड काय हाय?"

गणेशने त्यांना हे सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली चिखलात बघत म्हणाला, "दादा, सावड केलती आमी. सातजणांनी."

"कम्प्युटरवर?"

"हा. एक महिना एकाचा. सगळ्यांनी राबायचं."

"त्या कान्ह्याच्या पोरीसंगं सावड?"

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. नुसतं आश्चर्य होतं. पण मला ते लागलं. मावळात सावड भावकीत चालते, जमीनवाल्यांची जमीनवाल्यांशी. प्रज्ञाच्या आजीला याच लोकांनी कैक वेळा लावणीला बोलावलं असेल, पण ते मजुरीने, सावडीने नव्हे. सावडीत दोघं बरोबरीचे लागतात. मी यावर बोलणार होते. तोंडाशी आलेलं होतं. पण गणेशच आधी बोलला.

"ती मुकादम हुती आमची. माझी परीक्षा आली तवा माझंबी काम तिनंच केलं."

वरच्या खाचरातून कुणीतरी गणेशला हाक मारली, तो गेला नाही.

"मंग तिचा महिना कोनता हुता?" नानाभाऊंनी विचारलं.

"मार्च. काम बंद पडलं त्याच्या आधीच."

"म्हंजी तिचं ऱ्हायलं."

"हा."

"तुमी समद्यांनी तिच्याकडनं राबवून घेतलं आन् तिच्या शेतात कोन गेलंच न्हाई."

नानाभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हात पुसले, परत खांद्यावर टाकला. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता ते मुलावर ओरडणार. ते माझ्याकडे वळले.

"सही कुटं करायची त्यानं?"

"भाऊ, तुमचे सरकारी पैसे बंद होणार नाहीत, ते मी लिहून..."

"ते ऱ्हाऊ द्या मॅडम. बंद व्हायचं आसंल तर व्हईल. सावड अंगावर ठिवून आमच्यात कोन बसत न्हाई." मग मुलाकडे बघून म्हणाले, "हात धू आधी. कागद चिखलात घालशील."

गणेशने बांधावर बसून, माझ्या बॅगेवर कागद ठेवून सही केली. नानाभाऊंनी मला चहाला घरी नेलं आणि जाताना शिक्क्याच्या कागदाची आठवण मात्र न विसरता करून दिली. मी तो दुसऱ्या दिवशी पाठवला.

सात रिटर्न भरली गेली. प्रज्ञाचा अर्ज मुदतीत गेला. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातल्या टेबलावरच्या बाईंनी विचारलंच, की बँकेत एवढे पैसे दिसतात आणि रिटर्नमध्ये नफा एवढासा कसा? प्रज्ञाने सहा सह्या आणि कंपनीचा ईमेल पुढे ठेवला. बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, "सावड म्हणजे?" प्रज्ञाने मला नंतर फोनवर सांगितलं की तिने त्यांना ते समजावलं आणि मागे रांगेतले लोकही ऐकत होते. शिष्यवृत्ती मंजूर झाली. सप्टेंबरमध्ये ती गेली. तिला सोडायला सहाहीजण विमानतळावर गेले होते, गणेशने भाड्याची गाडी स्वतः चालवत नेली.

रिफंडला वेळ लागला. तो आला तेव्हा तिकडे थंडी सुरू झाली होती. मला तिचा मेसेज आला, "मॅडम, माझी सावड फिटली." मी सहाजणांना विचारलं होतं, त्या कापलेल्या पैशांत तुमचाही भाग आहे, काय करायचं? रोहिणी म्हणाली, तो प्रज्ञाचा महिना आहे. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. गणेश म्हणाला, आमच्यापेक्षा तिला कमी पडले, तेवढं आम्ही पुढच्या कामातून भरून काढू, दादांनी बजावलंय.

त्यावर प्रज्ञाचा दुसरा मेसेज आला. "रिफंडवर थोडं व्याजही आलंय. ते कुणाचं?"

मी तिला लिहिलं की ते तुझंच, आणि पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागेल, विसरू नकोस. व्याज विसरणारे लोक मी खूप बघितलेत. नानाभाऊंचे शेतकऱ्याचे पैसे चालू आहेत, त्यांनी स्वतः फोन करून कळवलं. आणि माझ्या जिन्यावर येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी आता बसायच्या आधीच सांगते. काम मिळून करा, पैसे ज्याला गरज असेल त्याला द्या, त्याला कायद्याची ना नाही. पण पॅन प्रत्येकाने आपापला द्या. मुकादम नेमायचा असेल तर शेतावर नेमा.